दुसरी पुडी

कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीत तेव्हा दोन पुड्या यायच्या. मोठी बीटीची, म्हणजे जी खाल्ली की बोंडअळी मरते त्या कपाशीची, आणि तिच्यासोबत एक लहान पुडी साध्या बियाण्याची. ही लहान पुडी वावराच्या चारही बाजूंनी पेरायची असे. त्या साध्या झाडांवर थोडी अळी जगू द्यायची, म्हणजे बीटी पचवणारी अळीच तेवढी शिल्लक राहून वाढत नाही. हे सगळं पिशवीतल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं असायचं. मी तो कागद वाचला होता. चिखलीतल्या एका कृषी केंद्राच्या काउंटरवर मी चौदा हंगाम उभा राहिलो आणि त्यातल्या पहिल्याच हंगामात, एका रिकाम्या दुपारी, तो कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे मी जे लिहिणार आहे त्यातून मला माहीत नव्हतं असा अर्थ कुठे निघू नये.

गिऱ्हाईक पिशवी हातात घेऊन विचारायचं, "हे लहान पुडी कायची हाय, भाऊ?"

मी म्हणायचो, "नांग्या भराले."

नांग्या म्हणजे पेरलेल्या ओळीत जिथे बी उगवत नाही, तिथे राहिलेल्या मोकळ्या जागा. त्या भरायला प्रत्येक जण मूठभर बी बाजूला ठेवतोच. त्यामुळे माझं उत्तर कुणालाही चटकन पटायचं. खरं सांगितलं असतं, की बाबा, वावराच्या कडेच्या ओळी अळीसाठी सोड, तर तो माणूस पिशवी ठेवून समोरच्या दुकानात गेला असता. असं सांग म्हणून दुकानाच्या मालकाने मला कधी सांगितलं नव्हतं. ते उत्तर माझं मीच शोधलं होतं, आणि ते सुचलं त्या दिवशी मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं.

मग गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, आणि फोडलं की आत ती गुलाबी अळी वळवळणारी. दुकानाची नोकरी मी तोवर सोडली होती आणि घरची चार एकर करत होतो. माझ्याही वावरात तेच झालं. नुकसान जिल्हाभर झालं आणि त्याची कारणं पुष्कळ होती. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन जास्तीचा कापूस, घेत लोकांनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली, चोरटं बियाणं आलं, अजून काय काय. एका काउंटरवरच्या एका माणसाच्या बोलण्याने ती अळी आली असं मला म्हणायचं नाही. पण बोंड फोडताना दर वेळी मला माझाच आवाज ऐकू यायचा. नांग्या भराले.

बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, आपण शेगावला जाऊ. गेलो. रांगेत उभा राहिलो, मनातल्या मनात सगळं सांगितलं, प्रसाद घेतला. परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, हलकं वाटलं का? मी हो म्हणालो. ते खोटं होतं हे तिला मेहकरचा फाटा यायच्या आत समजलं असावं, कारण तिने पुढे काही विचारलं नाही.

मला ते लोकांना सांगायचं होतं. ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांनाच. म्हणून मोबाइलवर एक लांब संदेश लिहिला आणि ओळखीच्या दोन-तीन ग्रुपवर टाकला. दहा दिवसांनी तोच संदेश फिरत फिरत माझ्याकडे परत आला. खाली नाव कुठल्यातरी कृषितज्ज्ञाचं होतं, माझ्या चुकीची ओळ गाळलेली होती आणि शेवटी कुणीतरी जोडलं होतं की लहान पुडी विषारी असते, हात लावू नका. मी चौदा वर्षं एक खोटं पसरवलं होतं आणि आता दुरुस्ती करायला निघालो तर दुसरं पसरवून बसलो. त्या दिवशी पक्कं ठरवलं, की माझं म्हणणं माझ्या जागेवर असलं पाहिजे, ज्यातलं एक अक्षर दुसऱ्या कुणाला हलवता येणार नाही. अशी जागा म्हणजे वेबसाइट, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्यापलीकडे शून्य.

बुलढाण्याला वेबसाइट बनवून देणारा एक जण भेटला. बोलायला गोड होता. म्हणाला, डोमेन फुकट, होस्टिंग फुकट, तुम्ही फक्त मजकूर आणा, बाकीचं माझ्यावर सोडा. मी सोडायला तयारच होतो. त्याने आधार कार्डाची प्रत मागितली, म्हणून ती काढायला मी अमडापूरच्या सेवा केंद्रात गेलो, आणि माझं नशीब तिथेच फिरलं असं मी आजही मानतो.

ते केंद्र एक बाई चालवतात. त्यांचं घराणं पिंजाऱ्यांचं. वडिलांनी आयुष्यभर गाद्या-रजया भरल्या, थोडी शेतीही केली. यांनी लग्नाआधी संगणक शिकून घेतला आणि पुढे पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरापोरींना शिकवला. म्हणून त्यांना सगळे मॅडमच म्हणतात, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. दिवसभर त्यांच्याकडे गर्दी असते ती सातबारा काढणाऱ्यांची.

प्रत कशाला हवी, म्हणून त्यांनी सहज विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"डोमेन कोनाच्या नावानं घेऊन राह्यला तो?"

"त्याच्याकडेच राहणार. फुकट देतो म्हणाला."

"भाऊ, वावर तुम्ही वाहसान आन् सातबारा त्याच्या नावानं ठेवसान काय?"

मागे रांगेत उभा असलेला एक म्हातारा आपल्याशी कुणी बोललं नसतानाही म्हणाला, "अशानंच माह्या चुलत्याची जमीन गेली."

मग मॅडमनी मला दोन मिनिटांत जे समजावलं, ते मी नंतर कुठल्याही व्हिडिओत इतकं स्वच्छ ऐकलं नाही. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव आणि पत्ता. ते ज्याच्या नावावर नोंदलेलं, मालकी त्याची. ही नोंद करणारी कंपनी ती रजिस्ट्रार, म्हणजे आपलं तलाठी कार्यालय समजा. आणि होस्टिंग म्हणजे ज्या जमिनीवर मजकूर ठेवायचा ती जमीन. ती कधी आपली नसते, वर्षाच्या मक्त्याने घ्यायची असते. मक्ता देणाऱ्याशी पटलं नाही, तर पीक उचलून दुसऱ्याच्या जमिनीवर न्यायचं आणि पत्त्याला तिकडची वाट दाखवायची. पण हे कधी जमतं? सातबारा आपल्या कपाटात असेल तर. म्हणून दोन्ही एकाच माणसाकडे ठेवायचं नाही, फुकट मिळालं तरी नाही.

बुलढाण्याचा तो माणूस लबाड होता असं मी म्हणणार नाही. पुष्कळ जण तसंच करतात आणि गिऱ्हाइकालाही ते सोयीचं वाटतं. सोयीचं उत्तर किती लवकर पटतं, ते मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मी आधार कार्ड खिशात घातलं आणि त्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, दुपारी दोन ते तीन रांग कमी असते, तेव्हा येत जा. मी जवळपास महिनाभर जात राहिलो. त्या तासाचं त्यांनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. एकदा मी घरची तूर नेली, तर ती त्यांनी घेतली, पण पुढच्या वेळी डब्यात शिजवलेलं वरण परत दिलं.

पहिलं भांडण नावावरून झालं. मला 'पऱ्हाटी' हे नाव हवं होतं. मॅडमनी ते इंग्रजीत लिहायला सांगितलं. मी लिहिलं. त्यांनी एका कोऱ्या कागदाचे पाच तुकडे केले आणि रांगेतल्या पाच जणांना तोच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला लावला. एकाने एच आधी घातला, एकाने नंतर, एकाने घातलाच नाही, आणि उरलेल्या दोघांचं स्पेलिंग एकमेकांशीही जुळेना.

त्यातला एक म्हणाला, "मॅडम, नापास झालो त सातबारा भेटन ना?"

माणूस जे टाइप करेल तेच नाव पाहिजे, एवढा धडा मी घेतला. मग घरी विचार केला आणि दुसऱ्या दिवशी जरा अभिमानानेच सांगितलं की नाव 'नांग्या' ठेवायचं. माझी चूक ज्या शब्दात होती तोच शब्द. मी कागदावर इंग्रजीत लिहिलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. मॅडमनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ओढणी तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की बाहेरचे लोक आत डोकावू लागले.

मला काही कळेना. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "मोठ्यानं वाचा, भाऊ."

वाचलं. इंग्रजीत लिहिलेलं 'नांग्या' कुणीही 'नंग्या' असंच वाचलं असतं.

"हे उघडल्यावर काय दिसन, असं वाटन लोकायले?" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "गर्दी बाकी मस्त होईन."

मीही हसलो. खूप दिवसांनी हसलो. अळीच्या वर्षापासून माझ्या घरात जो एक जडपणा येऊन बसला होता, तो त्या खुर्चीत बसल्या बसल्या थोडा हलला. शेगावहून येताना बायकोला जे खोटं सांगितलं होतं, ते त्या दिवशी घरी गेल्यावर खरं सांगता आलं असतं.

शेवटी नाव ठरलं 'दुसरी पुडी'. पाच जणांना लिहायला लावलं, पाचही जणांनी सारखं लिहिलं. एकाला ते गुटख्याचं वाटलं, पण तेवढं चालण्यासारखं होतं.

होस्टिंग निवडायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदाच असं झालं, की मॅडमपेक्षा मला जास्त कळत होतं. पडद्यावर पाच-सहा कंपन्यांच्या जाहिराती होत्या. जागा अमर्याद. वेग तुफान. साइट कधीच बंद पडत नाही. पहिल्या वर्षाचा भाव मोठ्या अक्षरांत, दुसऱ्या वर्षापासूनचा खाली, बारीक अक्षरांत. मला ती अक्षरं ओळखीची वाटली. बियाण्याच्या पिशवीवर झाडाचं चित्रही असंच असायचं, बोंडांनी लगडलेलं, आणि कुठल्या जमिनीत, किती पाण्यावर ते आलं हे तळाशी. मी मॅडमना म्हणालो, आपण यांना फोन करू आणि गिऱ्हाइकाने विचारू नयेत असं विक्रेत्याला वाटतं, ते प्रश्न विचारू. ते प्रश्न मला पाठ होते. चौदा वर्षं मी त्यांनाच भीत होतो. दुसऱ्या वर्षी काय होईल? बिघडलं तर कोण उभं राहील? आणि मला खरंच एवढं लागतं का?

पहिल्या कंपनीचा माणूस प्रत्येक प्रश्नाला समोरचा कागद वाचून दाखवत होता. दुसरीकडे गाणं वाजत राहिलं. एका कंपनीने तर माझं न ऐकताच मला सर्वांत मोठी योजना घ्यायला सांगितली, घाई करा म्हणून, सवलत आजच संपते. "सवलत आजच संपते" हे मीही रोज म्हणायचो.

चौथ्या फोनवर एक मुलगी होती. तिने उलट मलाच विचारलं, किती पानं आहेत, फोटो किती, लोक किती येतील. मी म्हणालो, पानं तीन, फोटो एक, लोक माहीत नाही. ती म्हणाली, मग सर, सगळ्यात लहान योजना घ्या, मोठी तुम्हाला लागणार नाही. पुढच्या वर्षी भाव वाढेल, तोही तिने मी न विचारता सांगितला. आणि म्हणाली, बॅकअप आम्ही घेतो, पण आमच्या भरवशावर राहू नका, एक प्रत तुमच्याजवळ ठेवा.

मी फोन ठेवला आणि उरलेल्या जाहिराती बंद करा म्हणालो. मॅडमना वाटलं काही चुकलं. काही चुकलं नव्हतं. त्या मुलीने मोठं गिऱ्हाईक लहान करून सोडलं होतं. कागदावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवायला तिला अर्धं मिनिट लागलं. मलाही अर्धंच मिनिट लागलं असतं. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. पण त्या फोनसाठी मी तिचा ऋणी आहे. होस्टिंग तिच्याच कंपनीचं घेतलं.

राहिलं डोमेन. त्यासाठी मॅडमनी वेगळी कंपनी निवडली, जिथून नाव दुसरीकडे हलवायचं झालं तर अडवत नाहीत अशी. नोंदणीच्या पानावर ईमेल मागितला. मी म्हणालो, तुमचाच टाका, मला काही ते उघडता येत नाही. त्या नाही म्हणाल्या. त्यांचा ईमेल टाकला तर उद्या त्याही मालक. म्हणून आधी माझा ईमेल झाला, मग त्याचा पासवर्ड, मग तो विसरला, मग पुन्हा झाला. त्यात दोन दुपारी गेल्या.

आणि मग तो प्रश्न आला, ज्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. मॅडमनी सांगितलं, की नावाच्या शेवटी डॉट कॉम घेतलं, तर मालकाचं नाव झाकायची सोय आहे. डॉट इन घेतलं, तर तेव्हा तशी सोय नव्हती; कुणीही शोधलं असतं तर मालकाचं नाव त्याला दिसलं असतं.

"काय घेता, भाऊ?"

घरी बायकोने मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं, की सांगायचं ते सांगा, पण आपल्याला याच लोकांत राहायचं आहे, मुलीचं लग्न व्हायचं आहे. तिचं खोटं नव्हतं. मी मॅडमना म्हणालो, आज राहू द्या.

त्यांनी मला काही समजावलं नाही. त्यांनी फक्त मी लिहून आणलेला मजकूर उघडला, पहिलं पान, आणि वाचू लागल्या. दुसऱ्या ओळीवर थांबल्या. मी लिहिलं होतं, शेतकऱ्यांना लहान पुडीने नांग्या भरण्यास सांगण्यात आले.

"कोनं सांगतलं?" त्यांनी विचारलं.

मी पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली.

"नाही, वाचणाऱ्याले समजाले पाह्यजे ना. सांगण्यात आले म्हंजे कोनं सांगतलं?"

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. मला एका बोटाने टाइप करता येत होतं. 'सांगण्यात आले' खोडलं आणि लिहिलं, मी सांगितलं. मग म्हणालो, डॉट इन घ्या. त्यांनी घेतलं. मालकाच्या रकान्यात माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मी स्वतः टाइप केलं. आडनाव दोनदा चुकलं.

बाहेर रांग वाढली होती. मी उठलो, आभार मानले. तेव्हा मॅडम पडद्याकडे पाहतच म्हणाल्या, "अब्बासोबत मी आली होती तुमच्या दुकानात. आठवत नसन तुमाले."

मला आठवत नव्हतं.

"लहान पुडी मीच इचारली होती, कायची हाय म्हनून. मी तवा कॉलेजात होती." त्यांनी एक सातबारा छापायला लावला. "तुम्ही सांगतलं, नांग्या भराले. अब्बानं भरल्या."

एवढा महिना रोज दुपारी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं होतं, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग माह्यासाठी एवढं काऊन केलं?" मी विचारलं. केंद्रात मॅडमशी मी नेहमी शुद्धच बोलायचो. त्या क्षणी ते राहिलं नाही.

त्यांनी खांदे उडवले. "दुसरं कोनी आलंच नाही ना सांगाले."

छापलेला सातबारा त्यांनी रांगेतल्या माणसाला दिला, आणि मग माझं पहिलं पानही छापायला लावलं. अब्बांना पडद्यावरचं दिसत नाही, म्हणाल्या, कागद घरी नेते.

मी त्या रात्री जेवलो नाही. बायकोला सगळं सांगितलं, डॉट इनचंही. ती माझ्यावर रागावेल असं वाटलं होतं. तिने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, त्या म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडून यायला पाहिजे आपण.

दुसऱ्या दिवशी दोघेही गेलो. अब्बा घरी नव्हते, कुणाच्या तरी गादीचं माप घ्यायला गेले होते. या वयातही जातात. मॅडमनी चहा केला. मी विचारायला घाबरत होतो, म्हणून बायकोनेच विचारलं, की त्यांनी कागद वाचला का?

वाचला, म्हणाल्या. चष्मा लावून दोनदा वाचला. आणि मग एवढंच म्हणाले, ते मॅडमनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं:

"त्यायले म्हना, नांग्यायतलं बी बाकी सरळ रांगेत उगवलं होतं."

त्या साइटवर आजही तीनच पानं आहेत. वाचणारे फार नाहीत. पण नूतनीकरणाची तारीख जवळ आली की मॅडमचा फोन येतो, भाऊ, सातबाऱ्याचं पाहा, आणि मी अमडापूरला जातो. आता टाइप मीच करतो. अब्बा असले तर बाहेर बाजेवर बसलेले असतात. मी पाया पडतो. ते दर वेळी विचारतात, यंदा पऱ्हाटी कशी आहे, आणि मी जशी असेल तशी सांगतो.